राउटरची वीज दुरून तोडताना

शिरोलीच्या कारखान्यातील अडकलेला राउटर कोल्हापुरातील घरून बंद-चालू कसा करावा, या प्रश्नावर एकाने वायफाय प्लग, म्हणजे इंटरनेटवरून चालू-बंद करता येणारा प्लग, सुचवला आहे. परंतु तो प्लग त्याच राउटरवर अवलंबून असेल, तर आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. त्याऐवजी इंटरनेटवरील ठरावीक पत्त्याला सतत पिंग करून (छोटा चाचणी संदेश पाठवून) उत्तर न आल्यास स्वतःहून वीज तोडणारा आणि 10 सेकंदांनी जोडणारा स्विच घ्यावा, किंवा सिमकार्डावर चालणारा, एसएमएसने आज्ञा घेणारा. माझ्याकडे हा सिमकार्डाचा आहे. बसवताना एसएमएस पाठवला, तेव्हा पेटीत रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) ‘टक्’ वाजला आणि राउटरचे दिवे एकेक करून लागले.

कारखान्यातील विजेची मोटार मात्र अशा छोट्या रिलेवर थेट कधीही जोडू नये. सुरू होताना ती नेहमीच्या 5 ते 7 पट प्रवाह ओढते, त्याने रिलेचे पॉइंट चिकटतात आणि बंदची आज्ञा देऊनही मोटार फिरतच राहते. म्हणून रिलेने केवळ कॉन्टॅक्टरची (जास्त प्रवाह पेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवावी आणि मोटार कॉन्टॅक्टरवर जोडावी.