पन्नाशीनंतर गाडी शिकणाऱ्यांना "संकट" म्हणणाऱ्यांसाठी

उंबरठा
काल या फोरमवर एकाने लिहिलं: "पन्नाशीनंतर ज्यांना गाडी शिकायची हौस येते ते रस्त्यावरचं चालतंफिरतं संकट आहेत. भीती वाटते ना, मग मागच्या सीटवर बसा." रात्री झोप लागेना, म्हणून उत्तर लिहायला बसले. लांबेल.

मी ५३ वर्षांची. शिकायला लागून सात महिने झाले, लायसन्स मिळून दोन. हौस कसली? गाडी नवरा चालवायचा. त्याच्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. गाडी दारात उभी, तपासण्या दर पंधरा दिवसांनी, आणि घरात चालवणारं कोणी नाही.

पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली. चढावर थांबले तर मागे सरकायला लागली, आणि मागच्याने हॉर्नवरचा हात काही काढला नाही. घरी येऊन रडले. भीती तेव्हा होती, आजही आहे. पण त्या भीतीमुळेच मी एक हिशोब केला, जो नवऱ्याला तीस वर्षांत करावासा वाटला नव्हता. ताशी ६० ने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. समोरचं दिसलं, कळलं, पाय उचलून ब्रेकवर आला, यात एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सतरा ते पंचवीस मीटर गेले. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर चौपट होतं. म्हणून मी पुढच्या गाडीपासून लांब राहते. त्या मोकळ्या जागेत इकडून तिकडून गाड्या घुसतात, आणि घुसणारे कोणी नवशिके नसतात. मग संकट कोण?

चौथा गिअर
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. २२ वर्षं चालवतोय, एकही अपघात नाही. भित्रा ड्रायव्हर सावध असतो हा गैरसमज आहे. तो अडखळतो. बाजूच्या रस्त्याने महामार्गावर येताना ताशी तीसने मधे शिरतो, आणि मागून नव्वदने येणाऱ्याला जीव मुठीत धरून ब्रेक मारावा लागतो. वळायचं की थांबायचं हे ठरेपर्यंत तो चौकाच्या मधोमध उभा असतो. गेल्याच महिन्यात अशाच एका गाडीमुळे मी थोडक्यात वाचलो, मागे माझी दोन्ही मुलं बसली होती.

वयाचं म्हणाल तर २०१९ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या माणसाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी, दोघी गेल्या. वय वाढलं की पाय डोक्याचं ऐकेनासे होतात. लागलं असेल, पण खरं आहे.

उंबरठा
मुलांचं वाचून पोटात गोळा आला. पण टोकियोचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तो माणूस नवशिका नव्हता, सवयीचा ड्रायव्हर होता. खटल्यात तो सांगत होता की आपण ब्रेकच दाबला होता, बिघाड गाडीत होता. २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. स्वतःच्या पायाबद्दल त्याला शंकाच आली नव्हती. मला रोज येते. गाडी सुरू करण्याआधी मी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही पायाने चाचपून बघते.

शांतवाट
मी ५८ व्या वर्षी शिकलो, आता ६१. ताईंचं बरोबर आहे, पण एका बाबतीत त्या भाऊंचंही. महामार्गावर शिरताना मीही सुरुवातीला थांबायचो. चूकच होती ती.

डोळ्यांचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यात समोरून अप्पर मारत कोणी आला की नंतरचे काही क्षण पुढे नुसता काळोख असतो. त्यामुळे अंधार पडल्यावर मी चालवत नाही. बायको म्हणते, मग शिकलात कशाला. दिवसा चालवायला शिकलो.

आणि ऑटोमॅटिक घ्या. क्लच गेला आणि माझी अर्धी भीती गेली.

चौथा गिअर
इथेच सगळं बिघडतं. ऑटोमॅटिकवर शिकणं म्हणजे गाडी शिकणं नव्हे. हाताला गिअर आणि पायाला क्लच असला की इंजिन काय म्हणतंय ते अंगात उतरतं. लांबलचक घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतात आणि पकडच सोडतात. खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग धरायचा असतो. नुसतं डी (ड्राइव्ह) मध्ये टाकून बसणाऱ्याला हे कोण शिकवणार?

खिडकी
बहुतेक ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. आधी तपासा, मग बोला.

आणि "हे शिकणं नव्हे" हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. माझा डावा गुडघा गेलेला आहे. दाटीच्या वाहतुकीत तासभर क्लच दाबत राहिले तर रात्री पाय टेकवत नाही. मला गाडी शिकवायला भाऊ बसला होता. पहिल्या वळणापासून ओरडत होता, "आरशात बघ, आरशात बघ!" आणि मी आरशात बघितलं की "समोर बघ!" चार दिवसांनी मी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि पुढची अकरा वर्षं गाडीला शिवले नाही. अकरा वर्षं! ऑटोमॅटिक आली तेव्हा एका बाईंकडे रीतसर शिकले, पंधरा दिवसांत जमलं. घरच्या माणसाने गाडी शिकवू नये. त्याला तुमची चूक दिसत नाही, स्वतःची गाडी आपटताना दिसते.

डावा पाय
ऑटोमॅटिक सोपी आहे, निर्धोक नाही. वीस वर्षं गिअरची गाडी चालवून मी ऑटोमॅटिक घेतली. तिसऱ्या दिवशी सिग्नल जवळ आला, डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि सगळ्या ताकदीने ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. मागचा रिक्षावाला वीतभर अंतरावर. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मला आरशात दिसला. त्या दिवसापासून डावा पाय पेडलांपासून लांब, डाव्या बाजूला टेकवलेला असतो, हलतच नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकवायची आणि पंजा फिरवून ॲक्सिलरेटरवर न्यायचा. पार्किंगमध्ये तर पाय ब्रेकवरच, कारण डी मध्ये ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते. नव्याने शिकणाऱ्याला यातलं काही विसरायचं नसतं. घोळ आमच्यासारख्या जुन्यांचा होतो.

चौथा गिअर
म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये धोका आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. आणखी एक: आधी ऑटोमॅटिक शिकलेल्या माणसाच्या हातात अडीअडचणीला दुसऱ्याची गिअरची गाडी आली तर तो करणार काय? दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

खिडकी
तर तो आधी जे करायचा तेच करेल, दुसऱ्या कोणालातरी बोलवेल! तुमच्या गिअरच्या अभिमानापायी माझी अकरा वर्षं गेली त्याचं काय?

चौथा गिअर
तुमची अकरा वर्षं तुमच्या भावामुळे गेली. माझ्यावर कशाला?

पादचारी
थांबा आता. वीस प्रतिसाद गिअरवर. मी गाडी चालवत नाही, चालवणारही नाही. गेल्या वर्षी माझ्या वडिलांना रिव्हर्स घेणाऱ्या गाडीने पाडलं. चालवणारा चाळिशीचा, रोजचा ड्रायव्हर. आरशात बघितलं म्हणाला. आरशात जे दिसत नाही तिथेच वडील उभे होते. मान वळवली नव्हती त्याने. मांडीचं हाड मोडलं, आता घरात वॉकर घेऊन चालतात, बाहेर पडायला नको म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये जगात रस्त्यांवर साधारण ११ लाख ९० हजार माणसं मेली. त्यातली निम्म्याहून जास्त पायी चालणारी, सायकलवाली आणि दुचाकीवरची. ५ ते २९ वयाच्या मुलामाणसांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ताच. सरासरी वेग एका टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, हेही त्यांनीच सांगितलंय. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये धोरण केलं की माणूस चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा आणि वेग ठरवायचा, चुकीची शिक्षा मरण असू नये. आणि इथे काय चाललंय? क्लच की ऑटोमॅटिक. ज्या बाईंना गाडीची भीती वाटते त्यांच्या गाडीपुढून रस्ता ओलांडायला मी तयार आहे. "२२ वर्षं, अपघात शून्य" म्हणणाऱ्याच्या पुढून नाही.

चौथा गिअर
वडिलांबद्दल खरंच वाईट वाटलं. पण मला न ओळखता तुम्ही मला त्या माणसाच्या रांगेत बसवलंत, ते पटलं नाही. माझ्यासमोर एकदा चेंडूमागे पोरगं धावत आलं होतं. हातभर अंतरावर गाडी थांबवली. नवशिक्याचा पाय तेवढ्या वेळात पोचलाच नसता. अनुभवामुळे ते पोर आज जिवंत आहे.

उंबरठा
तुमचा वेग किती होता?

चौथा गिअर
पन्नास असेल. वस्तीचा रस्ता होता.

उंबरठा
मग हा हिशोब बघा. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, तुमच्यासारखा एका सेकंदात ब्रेकवर येणारा पाय. ताशी ५० ची गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी ६० ने येत असती तर त्याच २८ व्या मीटरवर ती अजून ताशी ४० च्या आसपास जात असती. पाय तोच, अनुभव तोच, आणि पोर गाडीखाली. त्या दिवशी तुमच्या अनुभवाने ते पोर वाचलं हे मी नाकारत नाही. पण तुम्ही पन्नासने जात होतात म्हणूनही वाचलं.

शांतवाट
यात एक भर घालतो. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय, असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा थरथरलं तेव्हा काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला, नेमकं करायचं नाही तेच केलं. थरथरलं तरी दाबून धरायचं. मोकळ्या मैदानात मुद्दाम करून बघा, म्हणजे ऐन वेळी दचकणार नाही.

चौथा गिअर
हिशोब तपासला. बरोबर आहे. "मागच्या सीटवर बसा" हे लिहायला नको होतं, तेवढं मागे घेतो. "संकट" हा शब्द मात्र घेत नाही, कारण ताशी तीसने मधे शिरणारा संकटच आहे, मग तो विशीतला असो नाहीतर साठीतला. उंबरठा, तुम्ही महामार्गावर शिरून बघितलंय का? खरं सांगा.

उंबरठा
नाही. टाळते. शिकवणाऱ्या बाई दोनदा म्हणाल्या, दोन्ही वेळा मी डोकं दुखतंय असं सांगितलं. तपासणीला जाताना त्या एका रस्त्यापायी वीस मिनिटांचा वळसा घेते.

चौथा गिअर
मग ते आधी करा. कडेच्या पट्ट्यावर असतानाच ॲक्सिलरेटर द्या, मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगाला आणा. इंडिकेटर लवकर. आरसा, मग खांद्यावरून मान वळवून एक नजर, कारण शेजारून येणारी गाडी आरशातून काही क्षण गायब होते. फट निवडली की वेग सोडायचा नाही. पट्टा संपल्यावर थांबून बघू असं मनात धरलंत की फसलात, शून्यापासून वेग घ्यायला जागाच उरत नाही. पहाटे जा, वाहतूक विरळ असते.

पादचारी
मान वळवण्याचं रिव्हर्सलाही लागू आहे. तेही लिहा.

चौथा गिअर
रिव्हर्सलाही. मान्य.

उंबरठा
रविवारी पहाटे जाते. बाईंना आत्ताच फोन केला. परत आले की इथेच लिहीन, जमलं नाही तरी लिहीन.

खिडकी
आणि ऑटोमॅटिकचं?

चौथा गिअर
गुडघ्यासाठी असेल तर घ्या. ते शिकणं आहे हे अजूनही मान्य नाही.