मदत हवी आहे : वासराच्या कानातला सेन्सर टॅग आपल्या उन्हाळ्यात खरा आकडा देतो का?

राम राम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, जिल्हा वर्धा. कोठ्यात सहा जर्सी संकरित गाई, दोन गवळाऊ आणि सध्या पाच वासरं. मागच्या पावसाळ्यात हगवणीनं दोन कालवडी गेल्या. चीक पहिल्या दोन तासांतच पाजला होता, तरीही. संध्याकाळी उड्या मारणारी कालवड सकाळी डोळे खोल गेलेली, उठेचना. तेव्हापासून रात्री दोनदा कोठ्यात चक्कर मारतो, पण नुसता हात लावून ताप कळत नाही.

म्हणून कानात लावायचा सेन्सर टॅग घ्यायचा विचार आहे. तो कानाचं तापमान आणि हालचाल मोजतो, वासरू सुस्त पडलं की मोबाइलवर इशारा येतो. पण निरोगी वासराचं तापमान साधारण 101.5 ते 102.5 फॅरनहाइट, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 सेल्सिअसवर, म्हणजे 113 फॅरनहाइट! वरून टिनाचं छप्पर. मग टॅग ताप दाखवणार की ऊन? विकणारा म्हणतो काही फरक पडत नाही. मला ते पटत नाही.

रवंथ मोजणारा गळ्यातला पट्टा मी सोडून दिला, कारण पंधरा-वीस दिवसांचं वासरू पुरतं रवंथच करत नाही.

विदर्भात कोणी हा टॅग अख्खा उन्हाळा वापरलाय का? दुपारी खोटे इशारे किती येतात? कानात जनावराच्या सरकारी ओळख क्रमांकाचा 12 अंकी पिवळा बिल्ला आधीच आहे, दुसरा कोवळ्या कानाला जड होतो का? रात्री लाइन गेली की माहिती साठून राहते की जाते? दोन गाई येत्या महिन्यात विणार आहेत, त्याआधी ठरवायचं आहे.