नगरसेविकेच्या घरात : मुंब्रा, कौसा, राबोडीचे अनुभव

महाराष्ट्रात २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांतील महिलांचे आरक्षण ५० टक्के झाले आणि २०१२ च्या ठाणे महापालिका निवडणुकीपासून मुंब्रा, कौसा, राबोडी येथील मुस्लिम घरांतही ‘बाईला उभे करायचे’ ही चर्चा नित्याची झाली. त्यानंतर अशा घरांतील पती-पत्नीच्या नात्यात काय बदलले, हे आतून पाहिलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

कौसा, माजी नगरसेविका
पहिली दोन वर्षे माझा शिक्का आणि लेटरहेड पतीच्या बॅगेत असत. दाखल्यासाठी येणारी माणसे त्यांनाच ‘नगरसेवक’ म्हणत आणि मी आत चहा करीत असे. एकदा मी न वाचलेले, पण माझा शिक्का असलेले पत्र प्रभाग समितीच्या बैठकीत समोर आले आणि त्यात मागितलेल्या गटाराच्या कामाबद्दल मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी शिक्का मागून घेतला. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. पण त्यांनी तो पुन्हा मागितला नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढे सर्वसाधारण सभेच्या दिवशी मुलांचे डबे तेच भरू लागले.

राबोडी, उमेदवाराची बहीण
उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात पती-पत्नीची मालमत्ता वेगवेगळी दाखवावी लागते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार मेहेरची, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला देण्याचे ठरलेली, रक्कम पत्नीच्या एकटीच्या हक्काची असते, हे आपाला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, ठाऊक होते. ती कधी दिलीच गेली नव्हती, हे मात्र तो रकाना भरताना प्रथमच घरात उघडपणे बोलले गेले. दूल्हाभाईंनी दुसऱ्या दिवशी रक्कम तिच्या खात्यात भरली. आपा निवडणूक हरली, तरी मला ही गोष्ट निकालापेक्षा मोठी वाटते.

मुंब्रा, नगरसेविकेचे पती
रमजानमध्ये तिची सभा लांबली, तेव्हा इफ्तारची भजी मी तळली. अम्मी नाराज झाल्या. अब्बांनी मात्र काही न बोलता फळे चिरायला घेतली.

मुंब्रा, मुलगी
महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तरी पाण्याच्या तक्रारी घेऊन बायका आमच्याकडे येतच राहिल्या. बैठकीच्या खोलीत अम्मी बसते, चहा अब्बा आणतात. माझ्या भावाच्या हाती मात्र अजून कोणी ट्रे दिलेला नाही आणि त्यावरून माझे घरात रोज भांडण होते.