बोयराची हवाई चकमक: सेबर वळून का निसटलं नाही? मदत हवी आहे

नववीच्या वर्गासमोर दहा मिनिटांत 22 नोव्हेंबर 1971 ची, पूर्व पाकिस्तानच्या (आजच्या बांगलादेशच्या) सीमेवरची बोयराची चकमक सांगायची आहे. हाताशी भारताच्या नॅट आणि पाकिस्तानच्या सेबर या लढाऊ विमानांची पुठ्ठ्याची मॉडेल्स आहेत, एकाच प्रमाणात. नॅट इतकं चिमुकलं दिसतं की मुलं हसणारच!

घटनाक्रम पक्का आहे: रडारची सूचना, दमदमहून निघालेली चार नॅट, आपले वैमानिक मॅसी, गणपती आणि लाझारस यांचा मारा, पकडले गेलेले दोन पाकिस्तानी वैमानिक. (त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.) तो भाग नको.

अडलंय ते डावपेचांत. सगळीकडे वाचलं की सपाट वळणात सेबर सरस, तर चढाईत नॅट. पण ही झुंज कमी उंचीवर, सेबर जमिनीवर हल्ले करत असताना झाली. मग सेबरना वळणाचा फायदा का मिळाला नाही? एका निवृत्त तंत्रज्ञांना विचारलं, ते म्हणाले, "अचानक गाठलं, बस." मला ते अपुरं वाटतं.

सूत्रं नकोत, मॉडेल हातात धरून दाखवता येईल असं हवंय. हल्ला करून वर येणाऱ्या सेबरचा वेग नेमका कुठे कमी पडतो, आणि नॅटने त्या क्षणी कोणत्या बाजूने यायला हवं?