कमी संवादांचे सिनेमे सुचवा (सोलापूर, पूर्व भाग)

मंडळी, मदत हवी आहे. पूर्व भागात रविवारी संध्याकाळी सिनेमे दाखवायचं ठरतंय. येणार कोण, तर विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, शाळकरी पोरं. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या मराठी. सबटायटल सगळ्यांना वाचता येणार नाहीत.

माझं मत जपानी दिग्दर्शक कानेतो शिंदोच्या 'द नेकेड आयलंड'ला (१९६०). संवाद जवळजवळ नाहीतच. नवरा-बायको होडीतून गोडं पाणी आणतात, खांद्यावर कावड घेऊन टेकडी चढतात, एकेका रोपाला पाणी घालतात. तिची बादली सांडते आणि तो तिच्या थोबाडीत देतो. पाण्याच्या पाळीवर घर चालवणाऱ्या आपल्या बायकांना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही, अशी माझी खात्री आहे.

माझा मित्र मात्र इराणी दिग्दर्शक कियारोस्तामीच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?'वर अडून बसलाय. वर्गमित्राची वही परत द्यायला दुसऱ्या गावी धावणारा त्यातला पोरगा मुलांना आवडेलच, पण त्यात बोलणं बरंच आहे. 'फँड्री' सुचवू नका, नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्याचे, तो दुसऱ्या रविवारी ठरलाय.

पहिला कुठला लावावा? आणि असा जाहीर खेळ करायला हक्क कुणाकडून घ्यायचे? कुणी केलं असेल तर नीट सांगा.