फ्युचरामा: ‘मीनव्हाइल’वर थांबावं की हुलूचे नवे भाग बघावेत?

कोरा_चहा
‘फ्युचरामा’ या विज्ञानकथेवरच्या विनोदी ॲनिमेशन मालिकेचे २०१३ पर्यंतचे १४० भाग पाहून झालेत. त्यातल्या शेवटच्या ‘मीनव्हाइल’ भागाचा शेवट इतका नेमका आहे की पुढे जायचं धाडस होत नाही. २०२३ पासून हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर आलेल्या भागांबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात: एक म्हणतो तीच जुनी मजा, दुसरा म्हणतो मढं उकरलंय. नव्या भागांनी तो शेवट खोडून टाकलाय का? सगळे बघायचे नसतील तर कुठले बघावेत? आणि नवा सीझन कुठे आठवा, कुठे अकरावा का लिहितात? ‘मीनव्हाइल’पर्यंतचे स्पॉयलर चालतील, पुढचे जरा जपून.

आकडेमोड
आकड्यांचा गोंधळ फॉक्स वाहिनीने घातलेला आहे. त्यांनी ७२ भाग ४ सीझन म्हणून बनवून घेतले (१३, १९, २२, १८), पण दाखवले ५ सीझनमध्ये (९, २०, १५, १२, १६). रविवारी संध्याकाळी ७ ची वेळ, फुटबॉल लांबलं की भाग रद्द, त्यामुळे तयार माल पुढे ढकलला जायचा. नंतर डीव्हीडीवर ४ चित्रपट आले, त्यांचे तुकडे करून १६ भागांचा एक सीझन झाला. कॉमेडी सेंट्रल वाहिनीने पुढच्या दोन निर्मिती-सीझनचे २६-२६ भाग १३-१३ च्या चार सीझनमध्ये दाखवले. निर्मितीच्या हिशोबाने हुलूचा पहिला सीझन आठवा, प्रसारणाच्या हिशोबाने अकरावा. जुने भाग कधी परत बघाल तर निर्मितीच्या क्रमाने बघा, आणि चित्रपट अखंड बघा. तुकड्यांमध्ये ‘बेंडर्स बिग स्कोअर’चा कालप्रवास डोक्यात राहत नाही.

तळटीप
शेवट खोडलेला नाही. ‘मीनव्हाइल’मध्ये प्रोफेसरनेच पळवाट ठेवली होती: काळ मागे नेणारं बटण दुरुस्त करून दाबलं की बटणाची कल्पना सुचण्याआधीच्या क्षणात परत, आणि कुणालाच काही आठवणार नाही. ‘द इम्पॉसिबल स्ट्रीम’ हा नवा पहिला भाग तिथूनच सुरू होतो. नायक फ्राय आजवरच्या सगळ्या मालिका बघून संपवायचं ठरवतो आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी ‘ऑल माय सर्किट्स’ ही त्यांच्या जगातली बंद पडलेली मालिका पुन्हा सुरू करावी लागते. म्हणजे मालिका स्वतःच्याच पुनरागमनाची टिंगल करून घेते. विनोद मधूनमधून ढिला पडतो, पण डाव बरा आहे.

खरी गोची चालू घडामोडींवरच्या भागांत आहे. पुनरागमनाची घोषणा ९ फेब्रुवारी २०२२ ला झाली, पहिला भाग २४ जुलै २०२३ ला आला. मध्ये जवळपास १७ महिने. संहिता लिहायची, आवाज ध्वनिमुद्रित करायचे, मग चित्रं. बातमीवरचा विनोद एवढा वेळ टिकत नाही. म्हणून बिटकॉइनवरचा ‘हाऊ द वेस्ट वॉज १०१०००१’ आणि लशीवरचा ‘रेज अगेन्स्ट द व्हॅक्सिन’ आले तेव्हाच शिळे होते. २०२४ च्या सीझनने तरी शहाणं व्हावं, तर तिथे एनएफटी (डिजिटल वस्तूंच्या मालकीची टोकनं) आणि ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका! दोन्हींची हवा २०२१ ची.

गणिताचा_तास
+१, पण माझी तक्रार वेगळी आहे. जुन्या भागांत विनोदाखाली पक्कं गणित असायचं. २०१० च्या ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’साठी लेखक केन कीलरने (उपयोजित गणितातला पीएचडी) चक्क नवं प्रमेय सिद्ध केलं. त्या भागातल्या मनं बदलणाऱ्या यंत्रात त्याच दोन शरीरांची अदलाबदल पुन्हा होत नाही. तरी आणखी दोन माणसं घेतली की कितीही गुंता सुटतो.

सोपं उदाहरण घ्या. अ आणि ब ची मनं बदललीत. क्ष आणि य ही दोन कोरी माणसं आणा. यंत्रात आधी अ–क्ष, मग ब–य, मग अ–य, मग ब–क्ष. इथवर अ आणि ब आपापल्या जागी येतात, फक्त क्ष आणि य ची मनं उलटी राहतात. ती दोघं एकमेकांसोबत अजून बसलेली नाहीत, म्हणून शेवटी क्ष–य. पाच फेऱ्या, एकही जोडी दोनदा नाही. कागदावर करून बघा. हीच शेवटची जोडी सगळ्यात आधी वापरली तरी जमतं.

नव्यांत या जातीच्या जवळ जाणारा एकच, ‘ऑल द वे डाउन’. प्रोफेसर अख्खं विश्व संगणकात चालवतो आणि संगणकाची ताकद अपुरी पडते. तिथे काढलेला मार्ग ऐकून भौतिकशास्त्रवाले खूश होतात. आणखी सांगत नाही.

तळटीप
तो बघाच. त्याच्याही आधी ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर बॉग’. २००३ मध्ये किफ या परग्रहवासी पात्राला पिल्लं झाली, ती दलदलीत गेली, आणि २० वर्षांनी बाहेर येतील असं म्हटलं होतं. मालिका मध्ये दोनदा बंद पडली, तरी २०२३ मध्ये बरोबर २० वर्षांनी ती बाहेर आली. लेखकांनी तारीख पाळली! ही मालिका बातम्यांमागे धावते तेव्हा धापा टाकते, स्वतःच्या जुन्या खात्यातली उधारी फेडते तेव्हा फॉर्मात असते. त्याच कारणासाठी २०२४ चा ‘द टेम्प’ही घ्या.

कडक_इस्त्री
एवढं झोडपू नका. बातम्यांवरचे विनोद २००१ मध्येही होते, गाणी फुकट वाटणाऱ्या नॅपस्टरवर अख्खा भाग आहे. आज ते जुनं म्हणून गोड वाटतं, इतकंच. आणि आवाज तेच आहेत ही लहान गोष्ट नाही. घोषणेत बेंडर या रोबोटचा आवाज देणाऱ्या जॉन डिमॅजिओचं नाव नव्हतं, चाहत्यांनी ‘बेंडरगेट’ म्हणून रान उठवलं, १ मार्च २०२२ ला तो परत आला. बेंडर दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकायचा म्हणजे शिक्षाच.

कोरा_चहा
म्हणजे बॉग, ऑल द वे डाउन, टेम्प. पहिला भाग टाळला तर चालेल?

तळटीप
नाही, तो आधी बघा. ‘मीनव्हाइल’ परत बघून लगेच लावा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. २०२४ च्या सीझनचा शेवटचा ‘अदरवाइज’ही त्याच धाग्याला जोडलेला आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी ठेवा. एनएफटीवाला सोडलात तरी काही बिघडत नाही.