मदत हवी आहे: दीर काडीसारखे बारीक, तरी शुगर, आणि आता इन्सुलिनवरून घरात भांडणं

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, जरा लांबलंय पण वाचा प्लीज.

माझ्या दिरांना (वय ३४) गेल्या वर्षी शुगर निघाली. टाइप २ म्हणून मेटफॉर्मिन सुरू झाली, मग अजून एक गोळी वाढली, पथ्य कडक, पोह्यांवरची शेवसुद्धा बाजूला काढायचे, तरी एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) दहाच्या खाली येईना आणि वजन मात्र उतरतच चाललं, आता पट्ट्याला घरीच खिळ्याने नवीन भोकं पाडलीयत. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गॅड अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटलीय का ते कळतं) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं) या टेस्ट करायला सांगितल्या. पहिली पॉझिटिव्ह, दुसरं खूपच कमी. म्हणाले हा टाइप २ नाहीच, मोठेपणी हळूहळू येणारा टाइप १ चा प्रकार आहे, लाडा म्हणतात, इन्सुलिन लगेच सुरू करा.

झालं, घरात महाभारत. सासूबाईंना स्वतःला पंधरा वर्षांपासून शुगर आहे आणि त्याही बारीकच, त्यांचं म्हणणं "माझं गोळीवर भागतंय, तुला कशाला सुई?" जाऊबाई म्हणतात सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) रात्री-अपरात्री रबडी-जिलबी हाणली त्याचं फळ. शेजारचे काका कारल्याचा रस पाठवतात. माझे मिस्टर चांगले गरगरीत, त्यांची शुगर नॉर्मल, तर जो येतो तो म्हणतो व्हायला हवी होती याला, झाली त्याला 🙄

आणि खरी अडचण म्हणजे भाऊजी स्वतःच घाबरलेत. माझ्या सासऱ्यांना इन्सुलिन लागलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा पाय कापावा लागला होता, तर यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की इन्सुलिन म्हणजे शेवटची स्टेज, एकदा लागलं की सवय लागते. इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात कैरीच्या लोणच्यामागे पडलंय. त्यात एक नातेवाईक म्हणताहेत तीन महिने आमच्या पुड्या घ्या, इन्सुलिन बंद.

कुणाच्या घरी असं आहे का? यांना समजवायचं कसं? आणि मे मध्ये ट्रेनने पुण्याला लग्नाला जायचंय, पेन उन्हाळ्यात कसं न्यायचं?

---

मुलीची आई: ताई, आधी एकच सांगते, त्या पुड्यांसाठी इन्सुलिन थांबवू देऊ नका, काहीही होवो. माझी लेक लहान होती तेव्हा टाइप १ निघाला, मलाही बायका विचारायच्या, खूप चॉकलेट द्यायचात का हो? अहो यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, जिलबीचा काही संबंध नाही. लाडात तेच होतं, फक्त सावकाश, म्हणून सुरवातीला गोळ्यांवर चालल्यासारखं वाटतं. जे शरीर बनवतच नाही ते बाहेरून द्यायचं, त्याला सवय लागणं कसं म्हणायचं? इन्सुलिन नव्हतं तेव्हा टाइप १ ची मुलं वाचतच नव्हती, जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिलं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं काही दिसलं तर घरी थांबू नका, सरळ कॅज्युअल्टी, आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) तपासायला सांगा. दुसरं, शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. हे घरात सगळ्यांना माहीत हवं, सासूबाईंनासुद्धा.

पुणेकर जावई: सासऱ्यांबद्दल वाईट वाटलं. पण पाय सुईने जात नाही, वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होऊन जातो. आपल्याकडे इन्सुलिन इतकं लांबवतात की नंतर जे होतं त्याचं खापर त्याच्यावर फुटतं. भाऊजींना हेच सांगा, वेळेवर घेतलं तर पाय वाचतो.

बारीक माणसाला टाइप २ होत नाही हेही खोटं, तुमच्या सासूबाईच बघा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. आपण वरून बारीक, आतून चरबी. मिस्टरांनाही सांगा, आज नॉर्मल आहे म्हणून सुटले असं नाही, पोट कमी करा आणि वर्षातून एकदा टेस्ट करा.

राजवाडा-५६: भिया ट्रेनचं टेन्शन नको. चालू पेन साधारण महिनाभर बाहेर राहतं, पण तीसच्या वर गरम नको आणि मे मध्ये आपल्या इंदूरला चाळीसच्या वर जातं. ओल्या कापडात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवा किंवा इन्सुलिनचं कूलिंग पाउच घ्या. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. बॅग खिडकीच्या उन्हात नको, जवळ ठेवा.

धागाकर्ती: खूप खूप आभार सगळ्यांचे! पायाचं तुम्ही लिहिलंत ते भाऊजींना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण रात्री पेन घेतलं. पुड्यांना मी नाही सांगितलंय, रुसतील तर रुसू देत. आता सासूबाई म्हणताहेत माझीपण ती गॅड टेस्ट करा, मीपण बारीकच 😅 गरज आहे का?

मुलीची आई: पंधरा वर्षं गोळीवर कंट्रोलमध्ये असेल तर बहुतेक नाही, तरी पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारा. त्यापेक्षा डोळ्यांचा पडदा आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन कधी तपासलं ते बघा.